‘बस’ : शब्द की नुसता प्रत्यय?

‘बस’ हा शब्द लॅटिन ‘ओम्निबुस’वरून आला म्हणतात, त्याचा अर्थ काय आणि त्याचं अनेकवचन ‘ओम्निबाय’ का होत नाही, असा प्रश्न आहे.

होत नाही, कारण ओम्निबुस मुळातच अनेकवचन आहे, आणि तेही चतुर्थीचं. मूळ विशेषण पुल्लिंगी-स्त्रीलिंगी ‘ओम्निस’, नपुंसकलिंगी ‘ओम्ने’. अर्थ ‘सर्व, प्रत्येक’. एकवचनात द्वितीया ओम्नेम, षष्ठी ओम्निस, चतुर्थी ओम्नी (मारुतीची गाडी आठवली असेल तर रूप पाठ झालंच). अनेकवचनात प्रथमा ओम्नेस, नपुंसकलिंगी ओम्निआ, षष्ठी ओम्निउम, आणि चतुर्थी-पंचमी तिन्ही लिंगांत ओम्निबुस : ‘सर्वांसाठी’, ‘सर्वांपासून’. आघात पहिल्या ‘ओम्’वर.

शेवटी ‘उस’ दिसला की ‘ई’ करायचा, हा अलुम्नुस-अलुम्नी छापाचा नियम प्रथमेच्या एकवचनाचा आहे. इथे प्रत्यय ‘उस’ नाहीच, ‘बुस’ आहे.

हा ‘बुस’ संस्कृत शिकलेल्यांना परका वाटू नये. ‘सर्वेभ्यः’, ‘देवेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा तो सगोत्र. संस्कृतमध्ये जिथे भ् आहे, तिथे लॅटिनमध्ये शब्दारंभी फ् दिसतो (भ्रातृ–फ्रातेर), शब्दामध्ये ब् (उभौ–आम्बो). शिवाय अनेकवचनात चतुर्थी आणि पंचमी दोन्हीकडे एकसारखीच!

गाडीला हे नाव फ्रान्समध्ये पडलं. नाँत शहरात स्तानिस्लास बोद्रीने 1826 मध्ये कुणीही भाडं देऊन चढावं अशी घोडागाडी सुरू केली, ती ‘सर्वांसाठीची गाडी’. (ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून हे नाव सुचलं, ही गोष्ट चविष्ट आहे, तिच्यावर विसंबू नये.) 1829 मध्ये जॉर्ज शिलिबीअर या गाड्या बांधणाऱ्याने लंडनमध्ये तीन घोड्यांची ओम्निबस आणली. मग इंग्रजांनी अर्थाचा भाग, म्हणजे ‘ओम्नि’, छाटला आणि प्रत्यय ठेवला! आरंभी ‘बस’च्या आधी लोपचिन्ह (’) देत, पुढे तेही गेलं.

मराठीत ‘गाडी’च्या ओढीने बस स्त्रीलिंगी झाली. ‘बसला उशीर झाला’ म्हणताना आपण चतुर्थीच्या प्रत्ययालाच ‘ला’ जोडतो. व्याकरण म्हणून चूक नाही, कारण मराठीत बस हे साधं नाम आहे. ‘बसेस’मध्ये मात्र इंग्रजी अनेकवचन आयतं आलंय. बोलताना चालेल, लिहिताना ‘बसगाड्या’ बरं, कारण ‘बसगाड्यांना’, ‘बसगाड्यांतून’ अशी सामान्यरूपं न अडखळता होतात.