आधी दिवाळे गावचा धक्का, मग संग्रहालय

घणसोलीच्या ताईंनी विचारले आहे की, दहा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना आपल्याकडचा नौकानयनाचा इतिहास आणि जुन्या होड्या दाखवायच्या आहेत; त्यासाठी मुंबईतील संग्रहालयात एक रविवार घालवला तर तो सार्थकी लागेल, की मुले कंटाळतील? गेली बारा-तेरा वर्षे मी आमच्या बेलापूरच्या सोसायटीतील मुलांना घेऊन ही फेरी करत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रविवार नक्की सार्थकी लागेल. फक्त मुलांनी आयुष्यात नीट पाहिलेली पहिली होडी काचेच्या पेटीतली असू नये, एवढे सांभाळा. पहिल्या वर्षी ती चूक माझ्याकडून झाली. मी मुलांना थेट दालनात नेले, एकेका नमुन्यापुढे उभे करून नावे वाचून दाखवली, आणि परतीच्या लोकलमध्ये एकाने विचारले, "काका, सगळ्या होड्या सारख्याच होत्या ना?" दोष मुलाचा नव्हता. हातभर लांबीच्या नमुन्यावरून पन्नास-साठ फुटी गलबत डोळ्यांपुढे उभे राहायचे असेल, तर आधी खऱ्या होडीच्या पोटाशी उभे राहिलेले असावे लागते.

म्हणून आदल्या आठवड्यात मुलांना ओहोटीच्या वेळी बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या धक्क्यावर घेऊन जा. ओहोटीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब फार सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि तिच्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. काही मिनिटांचा फरक पडतो, पण हा हिशेब मुलांना स्वतः करू द्या आणि मग खाडीवर जाऊन तो खरा ठरतो का ते पाहू द्या. समुद्रावर जगणाऱ्या माणसांचे घड्याळ कोणते होते, हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही फलकावरून कळत नाही.

पाणी उतरले की होड्या चिखलावर कलंडलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली राहणारा भाग उघडा पडतो. आता बहुतेक होड्या फायबरच्या आहेत, परंतु दुरुस्तीला ओढून ठेवलेली एखादी लाकडी होडी अजून सापडते. तिच्या मालकाला विचारून जवळ जा. तळाच्या मधोमध गेलेला कणा, पुढे उंच उचललेली नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आणि आतून बरगड्यांसारख्या बसवलेल्या वाकड्या लाकडांची रांग मुलांना हात लावून पाहू द्या. दोन फळ्यांमधल्या सांध्यावरून बोट फिरवले की तिथे ठासून भरलेला कापूस आणि त्यावरचा तेलकट थर हाताला लागतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या सुतारांची एक रीत इथे आवर्जून सांगावी. एका फळीच्या कडेला लाल रंग लावून ते दुसरी फळी तिच्यावर दाबून पाहत, जिथे रंग उमटेल तिथला उंचवटा पटाशीने तासून काढत, आणि रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करत. अशा बांधणीची जहाजे दशकानुदशके पाण्यात टिकत.

त्यानंतरच्या रविवारी काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जावे. तिथे सागरी वारशाचे स्वतंत्र दालन आहे. बेलापूर, वाशीहून हार्बरची गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते आणि पुढे वीस-पंचवीस मिनिटे चालावे लागते. निघण्यापूर्वी ते दालन त्या दिवशी उघडे आहे ना, याची दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी, कारण मोठ्या संग्रहालयांत दालने आळीपाळीने दुरुस्तीसाठी बंद असतात. एका दिवसात संपूर्ण इमारत पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. हे एक दालन आणि सोपाऱ्याला 1882 मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा, एवढे पुरे. वसईजवळचे आजचे नालासोपारा हे एके काळी परदेशी व्यापाराचे बंदर होते आणि आपले कल्याणही तसेच होते, हे त्या दगडापुढे उभे राहून सांगितले की मुलांना लगेच पटते.

आरमाराचा विषय निघाला की गुराब आणि गलबत यांतील फरक नीट समजावून सांगा, कारण आपल्या सागरी इतिहासाचे मर्म मला तिथेच दिसते. अठराव्या शतकातील वर्णनांनुसार गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, दीडशे ते तीनशे टनांचे, पुढच्या बाजूला निमुळते होत गेलेले जहाज असे आणि त्याच्या नाळेकडून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत क्वचितच सत्तर टनांपेक्षा मोठे असे, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की शत्रूचे अवजड जहाज जागीच अडकत असे, आणि नेमक्या त्याच वेळी गलबते गुराबेला दोर लावून ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या तोफा कमी असत. कान्होजी आंग्रे यांनी 1729 मध्ये मृत्यू येईपर्यंत या किनाऱ्यावर जो वचक ठेवला, 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तरी त्यांना जे यश मिळाले नाही, त्यामागे शौर्याइतकेच उथळ पाण्याचे आणि पडत्या वाऱ्याचे हे ज्ञान होते, असे मी मानतो. दिवाळ्याच्या चिखलात उथळ तळाची होडी पाहिलेल्या मुलाला हे लगेच समजते.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर नौदल गोदीची भिंत लागते. आत जाता येत नाही, तरीही तिथपर्यंत चालत जा. या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानाची एक लढाऊ नौका बांधली आणि ती 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. तिचे नाव त्रिंकोमाली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून तरंगते आहे. आपल्या कारागिरांच्या हातचे जहाज दोनशेहून अधिक वर्षांनी परक्या देशात जपले जाते आणि ते जिथे जन्मले त्या शहरातल्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून त्या भिंतीपाशी मी ही गोष्ट दर वेळी सांगतो.

तेरा वर्षांच्या मुलाला गोडी लागली, तर पुढची पायरी कान्हेरी आहे. तिथल्या 90 क्रमांकाच्या लेण्यात संकटांतून तारणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर कोरला आहे आणि त्या संकटांमध्ये बुडणारे जहाजही आहे. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत, पण ते दगड झिजलेले असल्यामुळे धाकट्याला तिथे फारसे दिसणार नाही.

धाकट्यासाठी एक घरचा खेळ सुचवतो. जुने नाखवा "कमाल" नावाची लाकडी पाटी वापरत. तिच्या मधून गाठी मारलेली दोरी ओवलेली असे. दोरीची गाठ दातांत धरायची, पाटीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ध्रुवताऱ्याला लागते का ते पाहायचे. कारण ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, साधारण तितकाच आपला अक्षांश असतो. ओळखीच्या प्रत्येक बंदराची एकेक गाठ असे. पुठ्ठा आणि सुतळी घेऊन हे साधन अर्ध्या तासात घरी बनते. तेही नको असेल, तर हात लांब करून मूठ धरावी, ती साधारण दहा अंशांची असते. नवी मुंबई 19 अंशांवर आहे, म्हणजे ध्रुव दोन मुठींच्या किंचित खाली दिसायला हवा. शहराच्या उजेडात तो सहज सापडत नाही, त्यामुळे पावसाळा संपल्यावर एखाद्या निरभ्र रात्री उत्तरेकडे मोकळे आकाश असलेल्या उंच इमारतीच्या गच्चीवर जा.