माळा रिकामा झालाय का बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. "काकू, फ्लॅटचा विसार देऊन आज अठरावा दिवस. निळ्या खुणा दिसतात, विकणाऱ्याचं उत्तर नाही. एजंट म्हणतो, दोन दिवसांत कळवतो. काय करू?" मी मुद्दामच लगेच उत्तर दिलं नाही. रात्री बाराला घराच्या व्यवहारावर दिलेला सल्ला सकाळी आपला आपल्यालाच पटत नाही. तू मात्र रात्रभर त्या खुणांकडे बघत बसली असशील. तुझ्या आईचंही तसंच असायचं, कॅश जुळेपर्यंत तिला घास जायचा नाही.

तर आधी मेसेज करणं थांबव. "सर, काही अपडेट?" नको, गुड मॉर्निंगची फुलं तर त्याहून नकोत. रोज विचारणारा खरेदीदार दुसरीकडे कुठे जात नाही हे समोरच्याला बरोबर कळतं, आणि अशालाच ताटकळत ठेवणं सगळ्यांत सोपं असतं.

आता मला खटकलेली गोष्ट. मागच्या आठवड्यात फोनवर तू ओघात बोलून गेलीस की फ्लॅट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होता, ते तीन वर्षांपूर्वी गेले, त्याची आई, म्हणजे आजी, तिथे एकट्या राहतात आणि बोलणी अमेरिकेतला मुलगा करतोय. "नॉमिनी तोच आहे, त्यामुळे काही अडचण नाही," असं एजंटने सांगितलं. बँकेच्या कर्ज विभागात 26 वर्षं काढली मी. "काही अडचण नाही" हे वाक्य ऐकलं की अजूनही माझा हात आपोआप फाइलकडे जातो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कारभार कोणाशी करायचा, एवढ्यापुरता तो कागद. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि गेलेल्या माणसाची आई हयात असेल तर तीही, सगळे सारख्या हिश्शाचे वारस. म्हणजे तू ज्याच्या उत्तराची वाट बघतेयस त्याच्या एकट्याच्या हातात ते उत्तर नसण्याचीच शक्यता जास्त. त्याला बहीण आहे का? विचारलंस का कधी?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. 1996 साली आम्ही पुण्यातच एरंडवण्यात दोन खोल्यांचा ब्लॉक बघितला होता. काका तेव्हा फिरतीवर, मी बँकेत. दोन भाऊ विकत होते, वडील वारलेले. अकरा हजार विसार दिला, वहीच्या कागदावर पावती घेतली. आणि मग शांतता. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते, त्यांच्या दुकानात फोन केला की नोकर म्हणायचा, "साहेब आत्ताच बाहेर पडले." दीड महिना साहेब आत्ताच बाहेर पडत होते.

शेवटी जूनच्या एका रविवारी मी सरळ ब्लॉकवरच गेले. त्यांच्या आईने दार उघडलं. "बसा," म्हणाल्या, पाणी दिलं. मी स्वयंपाकघरात डोकावले. फडताळात खालच्या फळीवर चिनी मातीच्या तीन बरण्या ओळीने, तोंडाला पांढरा दादरा बांधलेला, सुतळी नवी. एका दादऱ्याला तेलाचा ताजा डाग. नुकतंच कैरीचं लोणचं घातलेलं. वर माळ्याकडे बघितलं, तर तांब्याचा बंब, पाट, गणपतीचं मखर, सगळं जागच्या जागी. आणि माझ्या लक्षात आलं, या बाईला घर सोडायचंच नाहीये. पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं लोणचं घालून कोणी ऑगस्टमध्ये घर रिकामं करत नाही. मी विचारलं, "तुम्ही कुठे राहायला जाणार आता?" तर म्हणाल्या, "मुलं विकायचं म्हणतात. मला कुणी विचारलं नाही बाई."

भाऊ आम्हाला फसवत होते असं मला आजही वाटत नाही. आईसमोर विषय काढायचं धाडस नव्हतं आणि आम्हाला नाही म्हणायचंही नव्हतं, म्हणून ते गप्प होते. विसार परत मिळाला, पण नऊच हजार. दोन कशाचे कापले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही भांडू शकलो नाही, कारण त्या पावतीवर मुदतच लिहिलेली नव्हती. कधीपर्यंत काय करायचं, नाही केलं तर पैशांचं काय, एक अक्षर नाही. बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासणारी मी, माझी स्वतःची पावती अशी.

तेव्हा या आठवड्यात विकणाऱ्याचा पिच्छा सोड आणि कागदांच्या मागे लाग. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथून त्या फ्लॅटच्या दस्ताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढ. जुना दस्त सापडला नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलाकडून शोध घे. मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते कळेल. बँकेकडे गहाण असेल तर त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची नोंद, हीही तिथे दिसू शकते, पण जुन्या गहाणाची दिसेलच असं नाही. म्हणून "मूळ कागद कुठे आहेत?" हा प्रश्न तोंडीही विचारायचाच. बरेच विकणारे नेमके या प्रश्नानंतर गायब होतात. घरावर कर्ज आहे हे सांगायची त्यांना लाज वाटते. वास्तविक त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझी बँक त्यांच्या बँकेचं देणं फेडून कागद सोडवून घेऊ शकते, आम्ही असे व्यवहार कितीतरी केले.

मग सोसायटीच्या ऑफिसात जा. संध्याकाळी जा, मॅनेजर तेव्हा निवांत असतो. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आज कोणाचं नाव चढलंय आणि या फ्लॅटसाठी कोणी ना-हरकत किंवा थकबाकी नसल्याचा दाखला मागितलाय का, एवढं विचार. खरोखर विकायला निघालेला माणूस दाखल्याचा अर्ज आधी टाकतो. तीन वर्षांत नावच बदललं नसेल तर घरातलं काही मिटलेलं नाही असं धरून चाल. आणि कोणी हस्तांतर शुल्काचा मोठा आकडा सांगितला तर घाबरू नकोस, महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा 25 हजार आहे.

मुलगा परदेशात आहे, त्यामुळे आणखी एक शक्यता आहे आणि ती पैशांची. इथे राहणाऱ्या माणसाकडून 50 लाख किंवा त्याहून महाग घर घेताना खरेदीदाराने 1 टक्का कर कापून भरायचा असतो, हे बहुतेकांना माहीत असतं. विकणारा अनिवासी असेल तर हा 1 टक्का लागू होत नाही. त्याच्या हिश्शावर बराच जास्त कर कापावा लागतो, आणि कमी कापायचा असेल तर आयकर खात्याकडून तसं प्रमाणपत्र त्याने आणायचं. त्याला काही आठवडे जातात. पुष्कळ मंडळींना हे कळतं ते भाव ठरल्यानंतर, सीएकडून. मग हातात किती पडणार याचं गणित विस्कटतं आणि फोन उचलणं बंद होतं. तू आपणहून हा विषय काढलास तर कदाचित त्याचं तोंड उघडेल. कर कापायची जबाबदारी तुझी असते. नाही कापलास तर नोटीस त्याला अमेरिकेत नाही, तुला पुण्यात येईल.

सही करायला तो येणार आहे की कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, पाठवणार, हेही विचारून घे. तिकडे केलेलं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीसमोर किंवा तिथल्या नोटरी आणि अपोस्टिल या सरकारी प्रमाणपत्रासह झालेलं हवं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. "डिसेंबरमध्ये येतोच आहे" हे उत्तर मला चालत नाही. तिकीट काढलंय का, ते सांग म्हणावं.

भाव वाढवून मागायचा म्हणून गप्प बसणारेही असतात. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. ते आठ-पंधरा दिवसांत आपणहून उगवतात आणि "दुसरी एक पार्टी आलीय" म्हणतात. तुझा आकडा तू आत्ताच डायरीत लिहून ठेव आणि त्या दिवशी त्यावर बोट ठेवून बोल.

एजंटवर चिडू नकोस. त्याची दलाली व्यवहार झाला तरच आहे, त्यामुळे मोडतंय हे तुला सांगणारा तो शेवटचा माणूस असणार. त्याला डावलूनही जाऊ नकोस, ते बरं दिसत नाही आणि पुढे कटकट होते. "मला आजींना भेटायचंय, तुम्ही सोबत चला," एवढंच म्हण. जाताना फळं ने. भावाचा विषय काढू नकोस. त्या पुढे कुठे राहणार, लेक कुठे असते, हे विचार आणि त्या काय सांगतात ते ऐक.

भेट झाली की मुलाला एकच मेसेज आणि तोच ईमेल. मी लिहून देते, तारखा तुझ्या तू तपास:

"नमस्कार. आपल्या फ्लॅटपोटी मी 1 लाख रुपये विसार दिला आहे. माझं गृहकर्ज मंजूर असून मंजुरीची मुदत ऑक्टोबरअखेर संपते. सर्व वारसांची नावं व त्यांची संमती, मूळ कागद कुठे आहेत आणि साठेखताची (विक्रीच्या कराराची) तारीख, एवढं कृपया 5 सप्टेंबरपर्यंत कळवावं. तोपर्यंत कळलं नाही तर व्यवहार पुढे न्यायचा नाही असं समजून, विसाराची रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, वेळ वाढवता येईल."

5 सप्टेंबर अशासाठी की पुढे गणपती आणि पाठोपाठ पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत पुण्यात साठेखताला कोणी हात लावत नाही, आणि मग त्यांचं गप्प राहणं खरं की पंचांगातलं हे तुला ओळखता येणार नाही.

एक मात्र नीट लक्षात ठेव. "व्यवहार पुढे न्यायचा नाही असं समजून" हे वाक्य फक्त आजच्या परिस्थितीत चालतं, कारण तुझ्याकडे विसार पावतीशिवाय काही नाही. उद्या साठेखत नोंदवून झालं आणि मग समोरचा गप्प बसला, तर हे वाक्य चुकूनही लिहायचं नाही. तिथे खरेदीदाराने करार पुरा करून मागायचा असेल तर आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत पैशांनिशी तयार होतो, हे त्याला कोर्टात दाखवावं लागतं. म्हणून तेव्हा "मी तयार आहे, पैसे तयार आहेत, तारीख द्या" असंच लिहीत राहायचं, मंजुरीपत्र आणि खात्याचे उतारे जपून ठेवायचे आणि वकिलाची नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवायची. दाव्याला मुदत तीन वर्षांची, करारातल्या ठरल्या तारखेपासून. तारीखच नसेल तर नकार कळल्यापासून. म्हणून साठेखतात तारीख हवीच हवी. सह्या होऊन मुद्रांक भरला आणि विकणारा निबंधकाकडे यायला टाळाटाळ करू लागला, असंही होतं. दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो, नंतर दंड भरून आणखी चार महिने. हे दिवस मोजायचे आपण, त्याला घाई नसते.

एक लाखासाठी मात्र कोर्टाची पायरी चढू नकोस. एखादं नोटिशीचं पत्र पुरे. पैसे परत मिळाले की पुढचं घर बघ. खरं तर आत्ताच बघायला लाग, या शनिवारपासूनच. मंजुरीपत्र तुझ्या मिळकतीवर आहे, घर बदललं तर बँक नव्या घराचे कागद तपासून तीच फाइल बहुधा पुढे नेते. शाखेत जाऊन मुदत वाढवून मिळेल का आणि व्याजदर तोच राहील का, हे आजच विचारून ठेव. भाड्याच्या घराचा करारही संपत आलाय म्हणालीस. मालकाशी तीन महिन्यांच्या वाढीचं बोलून घे. डोक्यावरचं छप्पर पक्कं असलं की विकणाऱ्याशी बोलताना आवाज वेगळा लागतो.

आणि काही झालं तरी "उरलेल्यातले थोडे रोख द्या, मग लगेच पुढे जाऊ" असा निरोप आला तर नाही म्हण. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि गप्प बसलेला माणूस रोख घेऊन बोलका झाला असं मी कधी पाहिलेलं नाही.

रविवारी सकाळी ये. पावती, एजंटशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि मिळाला तर इंडेक्स टू आण. काका पोहे करणार आहेत, त्यांनीच सुचवलंय. आजींकडे त्याआधी जाऊन आलीस तर स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्ताने जा, आणि माळ्यावर काय काय आहे ते मला सांग.

तुझी,
काकू