खोक्यावर वीस तास, हातात नऊ

प्रश्न : मी जत तालुक्यात राहते. आठवड्यातून दोनदा एसटीने मिरजेला गाणं शिकायला जाते आणि घरी चार मुलींना शिकवतेही. गुरुजींच्या तालमीची रेकॉर्डिंग ऐकायला पुण्याच्या एका दुकानातून ९,४०० रुपयांचा डिजिटल म्युझिक प्लेअर घेतला. खोक्यावर ‘बॅटरी २० तास’ असं छापलंय, पण पहिल्या आठवड्यापासून तो नऊ तासांच्या वर कधी चालला नाही. पाचव्या महिन्यात कंपनीला ई-मेल केला. ‘अपडेट करा’, ‘रीसेट करा’ करत सातवा महिना उजाडला आणि आता म्हणतात, बॅटरीची वॉरंटी सहाच महिने होती. दुकानदार म्हणतो, काय ते पुण्यात येऊन बोला. एवढ्या रकमेसाठी भांडावं का?

उत्तर : ताई, जरूर भांडा. तुमच्या पत्रातले ‘पहिल्या आठवड्यापासून’ हे शब्द सगळ्यात मोलाचे आहेत. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. दोन वर्षांनी वीसचे पंधरा तास झाले असते, तर मीच तुम्हाला थांबा म्हटलं असतं. पण नवी कोरी असतानाच जी नऊ तासांत मान टाकते, ती झिजली असं कसं म्हणायचं? म्हणून तक्रारीत ‘बॅटरी खराब झाली’ असं लिहू नका. ‘सांगितली तेवढी ती कधीच चालली नाही’ असं लिहा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे, वस्तूची कामगिरी किंवा आयुष्य याबद्दल पुरेशा चाचणीशिवाय हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘आम्ही चाचणी केली होती’ असा बचाव कंपनीने घेतला, तर तो सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावरच येते. हा मुद्दा वॉरंटीच्या सहा महिन्यांवर अवलंबून नाही. तसंही तुमचा पहिला ई-मेल पाचव्या महिन्यातला आहे. चालढकल त्यांनी केली, त्याचा तोटा तुम्ही का सोसायचा?

आता जरा कडक बोलतो. खोक्यावरची बारीक अक्षरं उजेडात नेऊन वाचा. वीस तासांच्या आकड्याशेजारी बहुतेक एखादी चांदणी असते आणि तळाशी अटी : आवाज मध्यम, स्क्रीन बंद, एमपीथ्री फाइल, वायरचा इअरफोन. तुम्ही ब्लूटूथवर मोठ्या फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या) ऐकत असाल तर बॅटरी लवकर उतरणारच, आणि कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. त्यामुळे त्यांच्याच अटींवर मोजून बघा. पूर्ण चार्ज करा, एकच रेकॉर्डिंग फिरवत ठेवा, स्क्रीनला हात लावू नका. वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ आणि बंद पडल्याची वेळ लिहा. दोन्ही वेळी प्लेअर घड्याळाशेजारी ठेवून फोटो काढा. असं तीनदा करा. सतरा-अठरा तास भरले तर केस लंगडी आहे, हे मी आत्ताच सांगतो. नऊ-दहाच भरले, तर ती वही हाच तुमचा मुख्य पुरावा.

बाहेरच्या कारागिराकडून प्लेअर उघडून घेऊ नका. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आधीच कुणी हात लावलेला असला की तिथेच वाद सुरू होतो.

पुण्याला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासूनच धरून चाला. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि पावत्या जपा. मुलींना शिकवता म्हणून ‘हा व्यावसायिक वापर’ असा आक्षेप येईल. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा कायद्याने ग्राहकच राहतो.

असं भांडण जगात नवं नाही. आयपॉडच्या बॅटरीवरून अमेरिकेतल्या ग्राहकांनी ॲपलला कोर्टात खेचलं होतं आणि २००५ मध्ये कंपनीने तडजोड केली. ती तडजोड आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, पण बॅटरीसाठी भांडणं हा वेडेपणा नव्हे, एवढं मनाशी धरा.

मागणी बिलाची रक्कम परत, तक्रारीचा खर्च आणि मनस्तापाची माफक भरपाई एवढीच ठेवा. लाखांचे आकडे घातले की खरी तक्रारसुद्धा खोटी वाटू लागते. मध्येच ‘बॅटरी फुकट बदलून देतो’ असा निरोप आला, तर लेखी घ्या, आणि नवी बॅटरी वहीत तीनदा मोजल्याशिवाय ‘समाधान झाले’ या कागदावर सही करू नका. प्लेअर कुणाच्याही हाती देण्याआधी गुरुजींची रेकॉर्डिंग मात्र दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्तीत सगळं पुसून परत देतात.