तिला बातमी हवी आहे

प्रिय मुली,

तुझ्या मालिकेच्या तीन भागांची पटकथा काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. तुझी बातमीदार मला आवडली. पण तीन भागांत तिने एकही बातमी दिलेली नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? ती खुनाच्या जागी जाते, सुन्न होते, आईशी भांडते, गुंडांना धीटपणे उत्तरं देते. मात्र ती ऑफिसला काय पाठवते, किती वाजता पाठवते, डेस्कवर तिची बातमी कोण कापतं, यावर एक ओळ नाही. बजेट तुटपुंजं आहे म्हणून गोष्ट अडली, असं तू सोबतच्या चिठ्ठीत म्हणतेस. मला ती पैशांवाचून अडलेली दिसत नाही.

म्हणून तुला टॉर्ची ब्लेनची ओळख करून देतो. मी स्वतः तिचे चित्रपट फार उशिरा पाहिले आणि हळहळलो, कारण तिशीत पाहिले असते तर माझी निम्मी चुकलेली पानं वाचली असती.

1937 ते 1939 या तीन वर्षांत वॉर्नर ब्रदर्सने टॉर्ची नावाच्या बातमीदार मुलीचे नऊ चित्रपट काढले. प्रत्येक जेमतेम तासाभराचा. त्या काळात अमेरिकेतल्या थिएटरांत एका तिकिटावर दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. मोठ्या चित्रपटाला गल्ल्यात टक्केवारी मिळे, जोडीच्या छोट्या चित्रपटाला बहुतेकदा ठरलेलं भाडं. छोटा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला तरी भाडं तेवढंच, त्यामुळे नफा हवा तर खर्च आवरायचा, एवढाच मार्ग होता. पल्लेदार दृश्यं नाहीत, भव्य सेट नाहीत. खोल्या, फोन, पोलिसांची गाडी, नाइट क्लब.

आणि तरीही पहिल्या चित्रपटात, ‘स्मार्ट ब्लाँड’मध्ये, ती पडद्यावर कशी येते बघ. टॅक्सी ट्रेनला गाठते आणि ही बाई धावत्या ट्रेनवर चढते. कशासाठी? आत बसलेल्या एका माणसाची मुलाखत इतर पेपरवाल्यांच्या आधी हवी म्हणून. ती धाडसी आहे, हुशार आहे, असं कुणीही बोलून दाखवत नाही. तिला काय हवंय ते आपल्याला कळतं, आणि त्यासाठी ती काय करेल तेही कळतं. तुझ्या पहिल्या प्रसंगात ती खिडकीतून पाऊस बघते. पाऊस पाडायला तुला टँकर मागवावा लागेल, आणि तरीही तिच्याबद्दल काहीच कळणार नाही.

ही टॉर्ची मुळात पुरुष होती. फ्रेडरिक नेबेल यांच्या ‘ब्लॅक मास्क’ मासिकातल्या कथांमध्ये मॅकब्राइड हा पोलीस अधिकारी आणि केनेडी हा दारूत बुडालेला बातमीदार अशी जोडी होती. स्टुडिओने केनेडीच्या जागी बाई आणली आणि मॅकब्राइडशी तिचं लग्न ठरवलं. वरवर पाहता ही प्रेमप्रकरणाची सोय. पण या सोयीतून एक खरा पेच निर्माण झाला: ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याकडेच माहिती आहे, आणि ती त्याने तिला द्यायची नाही. ‘ब्लाँड्स अॅट वर्क’मध्ये वरिष्ठ त्याला तंबी देतात की हिला काही सांगू नकोस. तो शब्द पाळतो. ती त्याच्या हाताखालच्या गहॅगनची डायरी गुपचूप वाचते आणि बातम्या छापत राहते. पुढे न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगातही जाते. सगळा खेळ एका डायरीवर! ती वस्तू कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. तुझ्या गोष्टीत पोलीस इन्स्पेक्टर आणि तुझी नायिका एकाच गावचे आहेत, लहानपणापासून ओळखतात. हे सोनं तू दुसऱ्या भागात एका वाक्यात उधळून टाकलंस.

नऊपैकी सात चित्रपटांत टॉर्ची झाली ग्लेंडा फॅरेल. ही नटी तोफेसारखी बोलते. भूमिका करण्याआधी तिने खऱ्या बातमीदार बायकांना भेटून त्यांचं काम पाहिलं होतं, कारण तिला हसण्यासाठी उभी केलेली कळसूत्री बाहुली नको होती, जिवंत बाई हवी होती. 1938 मध्ये स्टुडिओने एका चित्रपटापुरती लोला लेनला आणलं, पण प्रेक्षकांना ती रुचली नाही आणि फॅरेल परतली. सुपरमॅनच्या जोडीदार बातमीदाराला लोइस लेन हे नाव याच लोला लेनवरून आलं आणि स्वभाव टॉर्चीवरून, असं लोइसच्या निर्मात्यांपैकी जेरी सीगल यांनी पुढे लिहिलं आहे. तासाभराच्या स्वस्त चित्रपटातली बाई किती लांब गेली बघ.

सगळंच घेऊ नकोस. ‘हे बाईचं काम नाही’ हे पालुपद मॅकब्राइड सतत आळवतो. एका चित्रपटात टॉर्ची महापौरपदाला उभी राहते, आणि शेवटी कडेवर बाळ येताच तिला ते पद नकोसं होतं. मला दर वेळी तिथे राग येतो. इतका वेळ जिला बातमीसाठी काहीही करताना पाहिलं, तिची ओढ लेखकाने शेवटच्या दोन मिनिटांत काढून घेतली. तुझ्या तिसऱ्या भागाचा शेवटही असाच आहे. तो काढ.

आता काम. क्राइम बीट, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या, करणाऱ्या एखाद्या बातमीदार बाईबरोबर दोन दिवस फिर. तिला विचारून, तिच्या सोयीने. पोलीस ठाण्यात ती आधी कुणाशी बोलते, चहा कुणाबरोबर घेते, हवालदार माहिती देताना आवाज कुठे खाली आणतो, पान छपाईला सुटायला वीस मिनिटं असताना ती गाडीत बसून मोबाइलवर बातमी कशी टाइप करते, ते वहीत लिही. तिचे शब्द जसेच्या तसे लिही. मग पहिला भाग एका रात्रीत बसव, संध्याकाळी सात ते पान सुटेपर्यंत. ठाणं, रिक्षा, ऑफिस, आणि मृताच्या घराचा जिना. चार लोकेशन, तीन दिवसांचं शूटिंग. पैशांचं गणित इथेच सुटेल.

खुनी कोण, हे मला आत्ता सांगू नकोस. त्या रात्री तिची बातमी कितव्या पानावर लागली, तेवढं लिहून पाठव.

तुझा,
सर