आबांचं नक्षत्र खरं की पोराचं ॲप?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमचं नऊ एकर रान आहे, काळं. गेल्या वर्षी उत्तरा नक्षत्रात मस्त वाफसा (पेरणीजोगी ओल) आला, आबा म्हणाले ज्वारी टाकून घ्या. पोरगा म्हणाला थांबा, ॲपवर परवा ८० टक्के पाऊस दाखवतोय, बी दडपून जाईल. थांबलो. पाऊस आलाच नाही, वरची ओल उडून गेली आणि आबा महिनाभर पोराशी बोलले नाहीत. आता परत तीच वेळ येतीय. आमचे साडू म्हणतात मानववंशशास्त्रवाले, म्हणजे माणसांच्या चालीरीती अभ्यासणारे, पण असल्या गोष्टींचा अभ्यास करतात. खरंय का? मग कुणाचं ऐकायचं ते सांगतात का ते?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : करतात की. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात डोंगरात बटाटा लावणारे शेतकरी जूनच्या शेवटाला पहाटे उठून कृत्तिका बघतात, हो, आपल्याच कृत्तिका. पुंजका ठळक दिसला तर लावणी वेळेवर, धूसर दिसला तर महिना-दीड महिना पुढं ढकलायची. बेन ऑर्लोव्ह हे मानववंशशास्त्रज्ञ आणि सोबत दोन हवामानवाले, यांनी २००० साली याचं कारण मांडलं. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी जास्त तापतं त्या, वर्षी तिथं खूप उंचावर पातळ ढग जास्त असतात, ते नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत पण चांदण्या फिक्या करतात, आणि त्याच वर्षी पुढं पाऊस कमी पडतो. एल निनो हा शब्दही माहीत नसताना लोकांनी हे बघून बघून धरलं होतं.

आता हे वाचून आबांचं सगळंच खरं असं धरू नका हं. पंचांगातलं वाहन, म्हणजे यंदा बेडूक की गाढव, ते आकडेमोडीनं निघतं, त्यात आभाळाकडं बघायचा संबंधच नाही. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतली भाकणूक मीही दरवर्षी कान देऊन ऐकते, उपाशी वासरानं काय केलं, कशाला तोंड लावलं, त्यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव. पण ती ऐकून कुणी पेरणी बदललेली मी तरी पाहिली नाही, दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलायला विषय मात्र होतो.

नक्षत्रांचं तसं नाही, ते आपलं कामाचं कॅलेंडर आहे. डाळिंबवाले बघा ना, ठिबक, विद्राव्य खतं, एक्स्पोर्टचा माल, सगळं आधुनिक, पण बहार कुठला धरलाय तर मृग नाहीतर हस्त. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथले शास्त्रज्ञसुद्धा याच नावानं बोलतात. आणि पावसाळी हवेत डाळिंबावरचा तेल्या रोग जास्त भडकतो म्हणून मृग सोडून हस्त धरायचा, हा हिशोब त्या एका शब्दात बसलेला असतो.

तुमच्या घरच्या भांडणाचं म्हणाल तर पोरगा चुकला असं मला वाटत नाही. ८० टक्के म्हणजे असं दहादा सांगितलं तर दोनदा कोरडं जाणारच, ॲपनं खोटं सांगितलं नाही. पण आबा वेगळ्याच गोष्टीचा हिशोब करत होते, चुकलं तर काय जातं. बी दडपलं तर चार पायल्या बियाणं आणि परत एकदा पाभर फिरवायची. ओल गेली तर हंगाम गेला, कारण आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि रब्बी ज्वारी जगते ती रानात साठलेल्या ओलीवर. झिम्बाब्वेत १९९७ ला एल निनोचा अंदाज आल्यावर बँकांनी शेतकऱ्यांची कर्जं आखडली, लोकांनी पेरा कमी केला, आणि पाऊस भाकितापेक्षा बरा झाला. नुकसान कुणाचं, ते सांगायला नको. म्हणून या विषयातले लोक आधी हेच विचारतात की अंदाज कोण देतंय आणि चुकल्यावर भरतंय कोण.

यंदा असं करा. पोराला म्हणावं आबांबरोबर रानात जा, मूठभर माती घेऊन गोळा कर आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोड. फुटून मोकळा झाला तर वाफसा, चपटा झाला तर थांब. हलकं रान लवकर वाळतं, ते आधी पेरा, भारी रान दोन-चार दिवस थांबू शकतं, तिथं ॲपचं ऐका. फवारणीला तर ॲपच बघा, त्यात आबांना विचारायचं काही कारण नाही. हवामान खात्याचा कृषी सल्ला जिल्ह्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो दोघांनी मिळून वाचा, म्हणजे निदान बोलणं तरी सुरू होईल.

प्रश्न : आमच्या शिवारात ओढा फुटला, तूर वाहून गेली, पण महसूल मंडळाच्या पाऊस मोजायच्या यंत्रावर ५८ मिलिमीटरच, म्हणून अतिवृष्टी नाही म्हणे. पाऊस काय यंत्र बघून पडतो का?
– एक वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : नाही पडत, पण मंडळात २४ तासात ६५ मिलिमीटर झाला तरच अतिवृष्टी धरतात, आणि यंत्र मंडळाला एक. पाच-सहा किलोमीटरवर ढग दुसऱ्याच गावावर फुटतो हे तुम्हाला मी काय सांगू. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर पंचनाम्यासाठी तलाठ्याकडं लेखी अर्ज द्या, फोटो लावून. आणि पुढच्या पावसाळ्याला सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा, झाडापासून लांब. रोज सकाळी आठला आत पट्टी उभी करून पाणी मोजायचं, जेवढे मिलिमीटर खोल तेवढा पाऊस, तोंड लहान-मोठं असल्यानं फरक पडत नाही. हा आकडा ऑफिसात धरत नाहीत, पण वहीत तारखेवार लिहिलेला असला आणि शेजारच्या चार जणांनीही तसाच ठेवला, तर मंडळाचं यंत्र आपल्या भागाला लागू नाही हे ग्रामसभेत मांडायला हातात काहीतरी असतं.