ब्राउन्सबर्गचे मास्तर

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या शाळेत उमेदीची वर्षे वाया चालली आहेत, असे तू लिहिले आहेस. त्यावर कार्ल वायरश्ट्रास यांची हकिकत सांगतो, पण ती दिलासा म्हणून वाचू नकोस.

१८१५ साली जन्मलेल्या या जर्मन गणितज्ञाला वडिलांनी सरकारी नोकरीच्या आशेने कायदा शिकायला बॉनला पाठवले. चार वर्षांनी ते पदवीविना घरी परतले. पुढे म्युन्स्टरला शिक्षकी पेशाची तयारी करताना तिथले प्राध्यापक गुडरमान यांच्यामुळे त्यांना विवृत्तीय फलांची (इलिप्टिक फंक्शन्सची; फल म्हणजे फंक्शन) गोडी लागली. मग डॉइच-क्रोन आणि ब्राउन्सबर्ग येथील शाळांत त्यांनी गणिताबरोबर सुलेखन आणि कसरतही शिकवली. आबेलीय फले, म्हणजे विवृत्तीय फलांचेच अधिक व्यापक रूप, यांविषयीचे आपले काम त्यांनी शाळेच्या वार्षिक अहवालात छापले. अशा अहवालात असे काही असेल, हे कोणाच्या ध्यानात यावे? १८५४ मध्ये त्याच विषयावरचा लेख क्रेले यांच्या गणिताच्या नियतकालिकात आला, तेव्हा क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि दोन वर्षांनी ते बर्लिनला गेले. तोवर चाळिशी आली होती, आणि १८६१ मध्ये प्रकृती अशी ढासळली की त्यानंतर ते बसून व्याख्यान देत आणि फळ्यावर एखादा विद्यार्थी लिहीत असे.

तुझ्या टिपणात ‘क्ष हा अ च्या जवळ गेला की फलाची किंमतही जवळ जाते’ असे वाक्य आहे. वायरश्ट्रास विचारतील, किती जवळ? समोरच्याने हवी तेवढी लहान चूक आधी ठरवावी, आणि क्ष ला अ पासून किती अंतराच्या आत ठेवले म्हणजे ती ओलांडली जाणार नाही, हे आपण दाखवावे, असा तो रोकडा व्यवहार आहे. या काटेकोरपणातूनच १८७२ मध्ये त्यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे असे फल मांडले, की ज्याचा आलेख कुठेही तुटत नाही, पण एकाही बिंदूपाशी ज्याचा विकलज, म्हणजे आलेखाचा त्या ठिकाणचा उतार, मिळत नाही. डोळ्यांना पटते म्हणून खरे मानण्याची सोय तिथे संपली.

रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया यांना, स्त्री म्हणून, बर्लिन विद्यापीठाने व्याख्यानांना बसू दिले नाही, तेव्हा १८७० पासून चार वर्षे वायरश्ट्रास यांनी त्यांना खासगीत शिकवले. शाळामास्तरकीतली सवय, दुसरे काय!

ते वाक्य सुधारून टिपण परत पाठव. कागदाच्या एकाच बाजूने लिही, म्हणजे मला शेरे लिहायला जागा राहील.

तुझा,
सर