खेकडा समुद्रफुलाच्या तोंडात हात घालतो!

प्रश्न : ताई, माझा तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक पाच महिन्यांचा झालाय. त्यात एक बबल टिप समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री प्राणी) आणि तीन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आहेत. समुद्रात हे दोघं मित्र असतात, असं व्हिडिओत बघून आणले. पण सगळ्यात मोठा खेकडा फुलावर चढून थेट त्याच्या तोंडात नांगी घालतो. फूल दिवसभर मिटलेलं असतं. त्यात काल एक खेकडा मरून पडलेला दिसला. फुलानं मारलं असेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी त्या मेलेल्याचं बघू, कारण तो बहुतेक मेलेला नाही. उचलून वास घ्या. मेलेल्या हर्मिटचा वास एकदा आला की पुन्हा विचारावं लागत नाही. वास नसेल आणि हाताला पोकळ लागत असेल, तर ती कात आहे. पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ, सगळं जसंच्या तसं असतं, म्हणून फसायला होतं. माझ्या पहिल्या टँकमधली अशी एक कात मी हळहळत तुळशीत पुरली होती. तिसऱ्या दिवशी स्वारी दगडामागून हजर! कात टँकमध्येच राहू द्या, तो ती कुरतडतो. आणि त्याला शोधायला दगड हलवू नका. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, म्हणून तो दडून बसलाय.

आता मैत्रीचं. व्हिडिओ खोटा नाही, पण त्यातली जोडी वेगळी. डार्डानस पेडंक्युलॅटस नावाचा हर्मिट कॅलिअ‍ॅक्टिस जातीची समुद्रफुलं शंखावर वागवतो. ऑक्टोपस जवळ आला की फुलांचा डंख कामी येतो. फुलांना फुकटची सवारी आणि खेकड्याच्या जेवणातलं सांडलवंड मिळतं. बघण्यासारखं असतं ते त्याचं घर बदलणं. नव्या शंखात गेल्यावर तो जुन्या शंखावरच्या फुलाला नांग्यांनी, पायांनी थोपटत राहतो. फूल हळूहळू पकड सोडतं, मग तो ते उचलून नव्या शंखावर बसवतो. तुमचं बबल टिप त्यातलं नाही. ते खडकाच्या फटीत पाय रोवून बसणारं. तुमच्या खेकड्याला मैत्री नको आहे, फुलाच्या पोटातली कोळंबी हवी आहे.

म्हणून पंगत आधी खेकड्यांची, टँकच्या दुसऱ्या टोकाला. ते तिकडे गुंतले की लांब चिमट्यानं फुलाला नखाएवढा कोळंबीचा तुकडा द्या. आठवड्यातून दोनदा पुरे. त्याची बरीचशी भूक उजेडावर भागते, कारण त्याच्या अंगात शेवाळ राहतं. घास गिळेपर्यंत वर भोकं पाडलेली अर्धी बाटली उपडी ठेवायची. घरचे हसतात, हसू द्या. एवढं करूनही मोठा ऐकत नसेल, तर त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवा. मी दोन महिने समजूत घालत बसले होते, उपयोग शून्य.

फूल मिटण्याचा दोष मात्र सगळा खेकड्यावर टाकू नका. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा चढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. तुम्ही पत्रात यातला एकही आकडा दिलेला नाही! खरं सांगायचं तर पाच महिन्यांच्या टँकमध्ये मी समुद्रफूल आणलंच नसतं. पण आता आणलंय, तर पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, तोंडाला आजच जाळी लावा. जागा पसंत नसली की फूल रात्री चालायला लागतं, आणि सकाळी पंख्यात त्याचा कीस सापडतो. तोंड सैल उघडं पडून घाण वास आला, तर मात्र लगेच बाहेर काढा, नाहीतर ते सडून बाकीच्यांनाही घेऊन जाईल.

पुढे मासे आणलेत आणि त्यांना पांढरे ठिपके आले, तर तांब्याचं औषध या टँकमध्ये टाकू नका. खेकडे आणि फूल दोन्ही जातील.

आणि टँकमध्ये पाच-सहा रिकामे शंख ठेवा, लहान-मोठे, गोल तोंडाचे, उकळून घेतलेले. कात टाकून मोठा झालेला तुमचा 'मयत' परत येईल, तेव्हा त्याला जुनं घर आखूड पडणार आहे.